पाच जागी गळणारी गाडी

“...मग सांगा ना, दोष कुणाचा? माझा, की ज्यानं इंजिन उघडलं त्याचा?”

मकरंद वाळिंबे यांनी हेल्मेट बाकावर ठेवलं. पुण्याहून लोणंदला येईपर्यंत त्यांचा डावा बूट तेलानं काळा झाला होता.

गुलाबभाई मुल्लाणींना उत्तराची घाई नव्हती. वय चौऱ्याहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पंचक्रोशीत कुणाची मोटारसायकल कुणाच्यानंच दुरुस्त होईना, की ती त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. त्यांनी गाडीखाली हात घातला, तळाशी लोंबणारा थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि नाकाशी धरला.

“किती वर्षांची?”

“चोवीस. शहाऐंशी हजार किलोमीटर झालेत. लेहला दोनदा, कन्याकुमारीला तीनदा. माझ्याशिवाय कुणी चालवलेली नाही.”

“अन् गळती कवापासून?”

“दोन वर्षं. त्या माणसाचा हात लागल्यापासून.”

“कोण माणूस?”

“रघू कासार. सासवडचा.”

गुलाबभाईंचा अंगठा बोटावर थांबला...

मग त्यांनी फडक्याला हात पुसले. “चहा घ्या, साहेब.”

“चहा नको. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. सव्वीस वर्षं. माझ्या टेबलावरून वाकडा भाग पुढे जात नाही.” वाळिंब्यांनी बॅगेतून एक फाईल काढली. “सगळं लिहून ठेवलंय. रघूनंतर तीन मिस्त्री केले. सांध्यांतली पॅकिंगं चार वेळा बदलली, सील दोनदा. प्रत्येक जण म्हणतो, आता थेंब पडणार नाही. आठ दिवसांत पुन्हा तेच.”

“अन् रघू? त्येच्याकडं परत नेली न्हाई?”

“कशाला? त्याचं मी सगळ्यांना सांगून टाकलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आमचा ग्रुप आहे मोबाईलवर. पाच जागा गळत होत्या, पाचांचे फोटो टाकले. लाल गोल केले. खाली लिहिलं, सासवडचा रघू कासार, याच्याकडे जाऊ नका.”

“किती माणसं त्या ग्रुपात?”

“बावीसशे.”

“आमच्या आख्ख्या आळीत एवढी न्हाईत.”

“लोकांना सावध करायला नको?”

 रॉकेलचा बोळा घेऊन गुलाबभाई इंजिन पुसायला लागले. फटीफटीतून, दोऱ्यानं दात कोरावेत तसं. वीस मिनिटं गेली. वाळिंब्यांचं दोनदा घड्याळ बघून झालं.

मग गुलाबभाईंनी फळीवरून तोंडाला लावायच्या पावडरचा गुलाबी डबा काढला आणि आख्ख्या इंजिनावर पावडर भुरभुरली.

“हे काय? लग्न आहे का तिचं?”

“आज नुसता बघायचा कार्यक्रम. पसंत पडली तर पुढचं बोलू. कीक मारा.”

इंजिन दहा मिनिटं चाललं. पांढऱ्या पावडरीवर ओल उमटायला लागली. आधी माथ्याशी, मग डाव्या झाकणाला, मग कीकच्या दांड्यापाशी, पुढच्या बाजूला, तळाला.

“बघा!” वाळिंबे जवळजवळ खूश झाले. “पाच. मी काय सांगत होतो?”

“एक पॅकिंग गेलं तर?”

“एका जागी गळेल.”

“पाची एकदम गळत्यात. मग?”

“पाचही वाईट बसवलीत. सरळ आहे.”

“चार मिस्त्र्यांनी? त्याच पाच जागी?”

“हल्ली काम येतं कुणाला, गुलाबभाई? तुमच्यापर्यंत आलो, यातच काय ते समजा.”

गुलाबभाई उठले. एक हात त्यांनी वाळिंब्यांच्या मानेमागे ठेवला, एखाद्याला समजावायला ठेवतात तसा. आणि दुसऱ्या हातानं, त्या काळ्या, रॉकेलच्या वासाच्या पंजानं, त्यांचं नाकतोंड गच्च दाबून धरलं.

वाळिंबे आधी हसल्यासारखे झाले. मग त्यांनी मान मागे ओढली. ती हलेना. त्यांनी मनगट धरलं, तेही हलेना. त्यांचे डोळे मोठे झाले. बूट फरशीवर घासला. हेल्मेट बाकावरून खाली गडगडलं.

हात सुटला तेव्हा ते गुडघ्यांवर हात टेकून खोकत होते.

“वेड... वेड लागलंय का तुम्हाला? मरायचा होतो मी!”

गुलाबभाई वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चांगला डोळा त्यांनी अगदी जवळ आणला.

“डोळं गळत्यात तुमचं, साहेब. नाकबी गळतंय. काय करू? पॅकिंग बदलू?”

वाळिंब्यांनी बाहीनं तोंड पुसलं. बाहीवर काळा पट्टा उमटला. ते काहीतरी कडक बोलणार होते. पण गुलाबभाई तोवर गाडीकडे वळले होते आणि सीट काढत होते.

इंजिनाच्या माथ्यामागून एक रबरी नळी निघते. इंजिनाच्या पोटात गरम हवा कोंडते, ती बाहेर सोडायची, एवढंच तिचं काम. गुलाबभाईंनी नळी चिमटीत धरली आणि डोळ्यांनी न बघता तिच्यावरून बोटं फिरवत निघाले. चौकटीच्या आतून, बॅटरीच्या मागून, खाली... जिथं नळीचं तोंड उघडं असायचं, तिथं बोटांना काळी चिकटपट्टी लागली. सुरेख गुंडाळलेली. एक सुरकुती नाही.

त्यांनी नखानं पट्टी सोडवली. आत पोलादी क्लिप. क्लिपच्या आत, नळीच्या तोंडात, बुचासारखा बसवलेला एक बोल्ट.

“ह्ये कुणी केलं?”

“मी.” वाळिंब्यांच्या आवाजात अजून राग होता. “त्या नळीतून थेंब पडायचे. आमच्या पार्किंगला पांढऱ्या फरशा आहेत, लोक बोलतात. रविवारी बसून मी स्वतः घट्ट बंद केली. बघा, किती नीट...”

ते तिथंच थांबले.

“कवा केलं?”

“...रघूकडून गाडी आणली, त्याच्या पुढच्या रविवारी.”

“त्याच्या आदी गळत हुती?”

“नळीतूनच. फक्त नळीतून.”

“ह्या पाच जागा?”

वाळिंब्यांनी फाईल उघडली. पान उलटलं. परत मागे आले. रघूकडून गाडी आणल्याची तारीख होती. पहिल्या फोटोची तारीख होती. मधल्या रविवारची नोंदच नव्हती. ती त्यांना कधी लिहावीशी वाटली नव्हती.

“नव्हत्या,” ते म्हणाले.

गुलाबभाईंनी क्लिप ढिली केली आणि बोल्ट ओढला. फस्सकन आवाज झाला. दोन वर्षं कोंडलेल्या काळ्या तेलाचा फवारा वाळिंब्यांच्या छातीवर बसला. त्यांनी शर्टाकडे बघितलंही नाही.

इंजिन पुन्हा पुसलं. पुन्हा पावडर. पुन्हा दहा मिनिटं.

पावडर कोरडी राहिली.

पाचही जागी. नळीच्या उघड्या तोंडाशी तेवढा एक थेंब जमला, लोंबला आणि पडला.

इंजिन बंद केल्यावर शेडमध्ये फार शांत वाटलं. गरम धातू तेवढा मधूनमधून टिक् टिक् करत होता.

“साहेब, रघू त्या नळीचं काय बोलला हुता का?”

वाळिंब्यांनी फाईल मिटून बाकावर ठेवली.

“बोलला होता...”

“काय?”

“म्हणाला, जुनं इंजिन आहे साहेब, नळीतून थेंब-दोन थेंब येणारच. तिला तेवढा हात लावू नका.”

“मग?”

“मला वाटलं, बहाणा करतोय. काम नीट जमलं नाही की म्हणतात ना, असंच असतं म्हणून.”

गुलाबभाई खाली बसले. बसले म्हणजे, भिंतीला टेकून घसरले. वाळिंबे धरायला पुढे झाले. म्हाताऱ्यानं हातानं नको म्हटलं.

“रघू नऊ वर्सं माझ्याकडं हुता. ह्याच फरशीवर शिकला.”

“...मला माहीत नव्हतं.”

“तुमचं फोटू घिऊन आला हुता हितं. म्हनला, वस्ताद, तुमीच बघा, मी समदं बराबर बशिवलं हुतं. मी फोटू बघितलं. पाच लाल गोल. अन् त्येच्या थोबाडीत मारली.” त्यांनी आपल्या उजव्या तळहाताकडे बघितलं. “दोन लेकरांच्या बापाला. गिऱ्हाइकांसमोर.”

वाळिंब्यांनी हळूच विचारलं, “तुम्हाला तेव्हा नळी सुचली नाही?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“पाच जागा एकदम गळायला लागल्या, की नळी बघायची. ही गोष्ट मीच त्येला शिकवलेली. पन खाली नाव लिवलं हुतं... मी नावच वाचलं.”

बाहेरून कांद्याचा एक ट्रक गेला. पत्रा थरथरला.

“आता कुठं असतो तो?”

“सासवडलाच. गॅरेज बंद पडून दीड वर्स झालं. इटभट्टीवर ट्रॅक्टर भरतो.”

“बंद?”

“बावीसशे माणसं हुती ना.”

वाळिंबे बाकावर बसले. बसताना खाली फाईल होती, ती त्यांना टोचली असणार. त्यांनी ती काढली नाही. त्यांचा चेहरा, मघाशी नाकतोंड दाबलं होतं तेव्हा झाला होता, त्याहून वाईट झाला. “मी फक्त सावध केलं होतं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. 

मग एकदम त्यांनी खिशातून फोन काढला. ते लिहायला लागले.

“काय करताय?”

“ग्रुपवर टाकतो. आत्ताच. बोल्ट मी लावला, चूक सगळी माझी, रघू कासारची नाही. बोल्टचा फोटोही टाकतो. बावीसशेच्या बावीसशे वाचतील.”

“वाचतील. अन् काय म्हनतील?”

“काय म्हणतील?”

“म्हनतील, वाळिंबे साहेब केवढ्या मोठ्या मनाचा मानूस.”

वाळिंब्यांचा अंगठा काचेवर तसाच राहिला. मग फोनचा उजेड आपोआप विझला.

“मग मी करू काय, गुलाबभाई?”

गुलाबभाई भिंतीला धरून उठले. त्यांनी बोल्ट उचलला, फडक्यानं पुसला आणि नळीच्या तोंडात परत बसवला. क्लिप आवळली. वरून चिकटपट्टी गुंडाळायला लागले.

“अहो! थांबली होती ना आता!”

“व्हय.”

“मग पुन्हा का बंद करताय?”

“मी थांबवून काय उपेग? काम त्येचं बिघडलं म्हनून सांगितलंत. त्येनंच थांबवलं पायजे.”

“म्हणजे ही अशीच त्याच्याकडे न्यायची? काही न सांगता? त्याला फसवायचं?”

“त्यो हात फिरवील, पट्टी सोडवील, अन् इचारील, ह्ये कुणी केलं. तवा तुमी बोलायचं. तुमच्या तोंडून त्येला पैल्यांदा कळू दे. ग्रुप मागनं.”

वाळिंब्यांनी गाडीकडे बघितलं. पावडर लावलेलं इंजिन, वर ती काळी पट्टी. मघाइतकी सुबक नव्हती. गुलाबभाईंनी एका बाटलीत तेल भरलं आणि ती बॅगेत सरकवली. मग खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि बाहेर येऊन गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवला.

“तुम्ही कुठं?”

“मी मारलेली थोबाडीत हाय तितं.”

त्यांना मागे बसवायला वाळिंब्यांना गाडी तिरकी धरावी लागली. म्हाताऱ्याचा पाय दोनदा निसटला, तिसऱ्यांदा वर गेला. वाळिंब्यांनी कीक मारली. निघायला म्हणून गियर टाकला, आणि मग पाय खाली टेकून तसेच थांबले. डाव्या झाकणाशी पावडर पुन्हा ओली व्हायला लागली होती.

“गुलाबभाई... त्यानं गाडीला हातच लावला नाही तर? आपल्याकडे बघितलंच नाही तर?”

गुलाबभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेलानं माखलेल्या शर्टावर.

“मग त्येच्या दारात गळू द्या.”