शेवंता आणि लोटलेलं दार

माळावर मोर नाचायचे, तळ्याचं पाणी निळंशार असायचं, तेव्हाची ही गोष्ट. काय गोड दिवस होते ते! निंबगावात शेवंता नावाची एक चिमुकली पोर राहायची. बाबा नव्हते. आई गजरे विकायची, तरी घरची चूल कधी पेटायची, कधी नाही. पण शेवंताचं एक सुख होतं. बकुळीच्या बागेमागे गावाचं वाचनालय होतं. तिथल्या रंगीत काचांच्या खिडकीत बसून ती एकटीच गोष्टी वाचायची. पुस्तकं सगळ्यांना फुकट मिळायची, पण गावाला त्याचा पत्ताच नव्हता.

कसा असणार? ग्रंथपाल दाजीकाकांचा पुस्तकांवर भारी जीव! धूळ बसू नये म्हणून ते दार कायम लोटून ठेवायचे. लोकांना वाटायचं, बंदच आहे.

एके दिवशी दाजीकाका डोळे पुसत म्हणाले, "शेवंते, कुणी येत नाही म्हणून पंच उद्यापासून इथं धान्याचं कोठार करणार गं."

शेवंता बकुळीखाली बसून हमसून हमसून रडली. तोच फुलांतून एक इवलीशी परी उतरली. पंख गुलाबी-सोनेरी, झगा चांदण्यांचा.

"एक इच्छा माग, बाळ. पण नियम आहे हं. मागशील ते सगळ्यांचं होईल. वाचनालय मागितलंस, तर ती खिडकीही तुझ्या एकटीची राहणार नाही."

शेवंतानं वळून खिडकीकडे पाहिलं. ती खिडकी तिला जीव की प्राण होती. पण तिनं डोळे घट्ट मिटले. "चालेल. सगळ्यांना वाचनालयाची वाट सापडू दे."

परीनं छडी फिरवली. घराघराच्या उंबऱ्यापासून चमचमत्या फुलांची वाट उमटली. गुराखी आले, कुंभारीण आली, काठी टेकत म्हातारे आले. आले आणि दाराशीच थबकले.

"आपले पाय मातीचे. आत कोण घेणार?" कुंभारीण पुटपुटली. लोक मागं वळू लागले.

"परीताई, दार उघड ना!"

"माझी जादू वाटेपुरतीच, सोनुले."

शेवंता धावली. "दाजीकाका, दार सताड उघडा! धूळ मी रोज पुसेन!"

दाजीकाका घुटमळले. मग त्यांनीच दोन्ही फळ्या उघडल्या. "अरे, बाहेर का उभे? या, या! सगळं तुमचंच आहे."

खोली माणसांनी फुलून गेली. ती गर्दी पाहून पंचांनी कोठाराचा नाद सोडला. खिडकीत पोरांची झुंबड उडाली. शेवंताला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

सगळ्यात शेवटी आई आली. पदर सावरत दारातच उभी राहिली. "मला अक्षरओळख नाही गं. नुसती बसले तर चालेल?"

शेवंतानं तिला हाताला धरून आत आणलं, मांडीला मांडी लावून बसवलं आणि मोठ्यानं वाचू लागली. बाहेर परी हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण शेवंता पान उलटायला थांबली, तेवढ्यात आई अधीर होऊन म्हणाली, "मग? पुढं काय झालं?"