मालक नसलेली उत्तरे

“सही नव्या मॅडमची घ्या. नुकतंच लग्न झालंय, लक्ष सगळं घड्याळाकडे. वाचतही नाहीत, बोलतही नाहीत.”

एकदा एका महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागात हे वाक्य उच्चारले गेले. उच्चारणारे विभागप्रमुख गुळवे सर होते, ऐकणाऱ्या फडतरे मॅडम होत्या आणि कपाटापलीकडे स्वाध्यायांचे गठ्ठे लावत मी होते. मी खाकरले नाही. नव्या घरात आणि नव्या नोकरीत पुष्कळ कळते, ते असेच.

सही हवी होती एका यादीवर. माझ्या वर्गातल्या अडतीस विद्यार्थ्यांनी ‘पूर्ण स्पर्धेच्या बाजाराची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा स्वाध्याय शब्दशः सारखा लिहिला होता. यादी प्राचार्यांकडे गेली की सगळ्यांना शून्य. म्हणजे वर्ष वाया. प्रश्न विभागाचा होता, नऊ वर्षे न बदललेला. त्याच्या उत्तराची फाईल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाला वारशानेच मिळे.

त्याच दुपारी, स्वाध्याय कसे सुधारावेत हे सांगायला एक वृद्ध आचार्य आले होते. गुळवे सरांचे ते गुरू.

“आप्पा, स्वाध्याय काय सुधारायचे? मुलंच चोर आहेत,” गुळवे सर म्हणाले.

आचार्यांनी यादीकडे पाहिलेही नाही. आम्हा चौघा प्राध्यापकांपुढे त्यांनी एकेक कोरा कागद ठेवला. “हाच प्रश्न. वीस मिनिटं. पुस्तक बंद.”

“आम्ही लिहायचं?” फडतरे मॅडम चकित झाल्या. “अहो, आम्ही शिकवतो हे!”

“म्हणून तर वीसच मिनिटं.”

आमच्यातले चौथे, धुमाळ सर, यांनी सवयीने आधी समास आखला. मग सगळेच लिहू लागले.

आचार्यांनी कागद गोळा केले, मागेपुढे केले आणि त्यातला एक वाचला : “पूर्ण स्पर्धेत ग्राहक व विक्रेते असंख्य असतात. वस्तू एकजिनसी असते. किंमत सर्वत्र एकच असते... कुणाचं हे?”

तीन हात वर गेले. मी चौथा केला नाही इतकेच. शंका मलाही होती.

त्यांनी दुसरा कागद वाचला. पुन्हा तेच तीन हात, या वेळी अर्ध्यावर थांबलेले.

धुमाळ सरांना हसू आवरेना. “सर, आपली नावंही घाला यादीत!”

“आप्पा, आम्ही कुणाचं बघून लिहिलेलं नाही!” गुळवे सरांचा आवाज चढला.

“ठाऊक आहे रे,” आचार्य शांतपणे म्हणाले. “बघायची गरजच नव्हती. मुलांनी नक्कल केली हे चूकच; ते त्यांना सांग. पण या उत्तराला मालक कुठे आहे? जो प्रश्न लिहिणाऱ्याचं स्वतःचं काहीच मागत नाही, तो नक्कलच मागत असतो. तू मागितलंस, तेच तुला मिळालं. आता असा प्रश्न काढा, की शेजाऱ्याचं उत्तर समोर उघडं ठेवलं तरी आपल्या कामी येऊ नये.”

गुळवे सरांनी एका कागदावर दोनदा काही लिहिले, दोनदा खोडले.

“सुचत नाही, आप्पा,” गुळवे सर अखेर म्हणाले. नऊ वर्षांत विभागात बोलले गेलेले ते सर्वांत प्रामाणिक वाक्य असावे.

“तोवर ही सही तरी होऊन जाऊ दे,” म्हणत फडतरे मॅडमनी यादी माझ्याकडे सरकवली.

मी पेन बंद केले. “यादी मी वाचली आहे. सही करणार नाही. मुलांना पुन्हा लिहायला लावू या. प्रश्न असा : तुमच्या घरी भाजी कुणाकडून येते? त्या विक्रेत्याशी बोला आणि पुस्तकातलं कोणतं वैशिष्ट्य तिथे लागू पडत नाही, ते कारणासह लिहा.”

आचार्यांनी मान डोलावली. गुळवे सरांनी यादी उचलली, मधोमध फाडली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. “पण मॅडम, याचं उत्तर तपासायचं कसं? आम्हालाच कुठे ठाऊक आहे?”

“मलाही ठाऊक नाही, सर. आमच्या सासूबाई भाजीच्या चार गाड्या ओलांडून पाचव्या गाडीवरचीच महाग मेथी घेतात. का, ते दोन महिन्यांत विचारायचा मला धीर झाला नाही. आज विचारते. पहिला स्वाध्याय माझाच तपासा.”