तांब्याची मुलं

एका राज्यात, जिथे पोपटांची साक्ष न्यायालयात चालत असे आणि विहिरी स्वतःची खोली स्वतः सांगत, एक जुना रिवाज होता. मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही. विषय निघाला की घरातलं मोठं माणूस म्हणे, "बाळांनो, जरा बाहेर जाऊन खेळा." मुलं बाहेर जात. दार लागे.

सोळावं वर्ष लागलं की राजा वज्रसेन प्रत्येक मुलाला शंभर मोहरांची थैली देई. थैली घेऊन मूल राजवाड्याच्या पायऱ्या उतरे, आणि पायऱ्यांपाशीच धूम्रकेश जादूगाराचं दुकान होतं.

"घेऊन जा," धूम्रकेश म्हणे. "थैली संपली तरी घेऊन जा. द्यायचं मग बघू. इथे अंगठा."

अंगठा उठला की भूर्जपत्राची एक प्रत मुलाला मिळे. तिच्यावर लाखेच्या दोन मुद्रा असत. त्या कुणी उघडत नसे. पुढे मुलाची पावलं तांब्याची होत, मग गुडघे, मग कंबर. शहराच्या चौकांत अशी तीनशे मुलं उभी होती. लोकांना सवय झाली होती. त्यांच्या खांद्यांवर ते पंचे वाळत घालत. दुकानाचं भाडं दर महिन्याला खजिन्यात जमा होई, आणि त्याबद्दल दरबारात कुणी चकार शब्द काढत नसे.

राजपुत्र अभिजयने थैली संपवली आणि वर उधारीवर वाऱ्याचा घोडा घेतला. सहा महिन्यांत तो छातीपर्यंत तांब्याचा झाला.

त्याची बहीण हिरण्मयी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती राजाकडे गेली. "बाबामहाराज, दादाने किती देणं केलंय?"

राजाने मोजडी घातलेला उजवा पाय मागे घेतला. "हा विषय मुलांसमोर नको."

"दादा पौर्णिमेला पुरा तांब्याचा होईल. पंधरा दिवस उरलेत."

"बाहेर जा, बाळ."

ती बाहेर गेली, ती थेट अरण्यात. दादाच्या शेल्यातलं भूर्जपत्र आणि स्वतःजवळची दहा नाणी तिने बरोबर घेतली. अरण्यात एका सालईवर लांब शेपटीचा टकाचोर पक्षी राहत होता. त्याला सगळे करार ठाऊक होते.

"नाव चोराचं आहे," पक्षी म्हणाला, "पण आजवर मी कुणाचा छदाम उचललेला नाही. दुकान धूम्रकेशचं, बदनामी माझी! बोल."

तिने भूर्जपत्र दाखवलं.

"तीन कामं आहेत. धूम्रकेशच्या दुकानातून एकदा चालत जा आणि लागेल तेवढंच घे. पहिली मुद्रा उघडेल. मग मडक्यात रोज एक नाणं टाक, सात दिवस, आत न बघता. दुसरी उघडेल. तिसरं काम वाचायचं. शेवटच्या ओळीपर्यंत."

"एवढंच?"

"तीनशे जणांना एवढंच जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली. वस्तू तिला नावाने हाका मारू लागल्या. पैंजण म्हणालं, "हिरण्मयीताई, मी शेवटचंच उरलंय." आरसा म्हणाला, "मैत्रिणींकडे आहे, तुझ्याकडेच नाही." तिच्या वहाणेचा अंगठा तुटला होता. तिने दोन नाणी रोख मोजली, वहाणा घेतल्या आणि मागे न बघता बाहेर पडली. पहिली मुद्रा गळून पडली.

मडकं अवघड गेलं. ते रोज जड होत होतं आणि आतून कुजबुजत होतं. चौथ्या दिवशी तिने झाकण उचललं. आत चारच नाणी होती, गप्प.

"बघितलंस ना?" फांदीवरून आवाज आला. "आता पुन्हा एकपासून."

"पण दिवस कमी उरलेत!"

"दिवस मी खर्च केले नाहीत."

ती रडली. मग नाणी बाहेर काढून तिने त्यातलं एक परत टाकलं. सातव्या दिवशी दुसरी मुद्रा गळाली. तोवर तांबं अभिजयच्या गळ्याशी पोचलं होतं.

चौदाव्या दिवशी भर उन्हात ती वाचायला बसली. अक्षरं मुंग्यांएवढी होती आणि पळत होती. तिने एकेकावर बोट ठेवलं. घोड्याची किंमत शंभर मोहरा होती, देणं नऊशेंचं. अगदी खाली लिहिलं होतं: 'या राज्यात मोठी माणसं मुलांसमोर स्वतःचा हिशेब बोलत नाहीत, तोवर हा करार आणि असे सर्व करार कायम राहतील.'

पौर्णिमेच्या सकाळी ती शहरातली सगळी मुलं घेऊन दरबारात आली. तिने ती ओळ मोठ्याने वाचली.

प्रधान सवयीने म्हणाला, "मुलांनो, जरा बाहेर जाऊन..."

"बसू द्या त्यांना," राजा म्हणाला. मग त्याने उजव्या पायातली मोजडी काढली. पाऊल तांब्याचं होतं.

"सोळाव्या वर्षी थैली संपल्यावर मी सात मोहरांचा हस्तिदंती मोर उधारीवर घेतला. वडिलांनी सत्तर भरल्या. ते कुणाशी बोलले नाहीत, मीही नाही. आणि दुकानाचं भाडं मी घेतो. महिना चारशे मोहरा. तुमच्याच थैल्यांतून येतात, हे मला माहीत होतं."

चौकाचौकांत तांबं तडकलं. तीनशे मुलांनी अंगावरून कवच झटकलं आणि खांद्यावरचे ओले पंचे खाली टाकले. धूम्रकेशचे करार कोरे झाले. कोऱ्या भूर्जपत्रांवर दुकान उभं राहत नाही. ते पायऱ्यांवर राख होऊन सांडलं आणि त्या राखेत धूम्रकेशही होता.

हिरण्मयी धावत अभिजयपाशी पोचली. त्याने मान हलवून बघितली. "माझा घोडा कुठाय?"

"वाऱ्याचा होता, दादा. गेला."

"आणि माझी थैली?"

"बस इथे. सांगते."

त्या दिवसापासून त्या राज्यात थैली देण्याआधी वर्षभर मुलं हिशेबाला बसतात आणि मोठ्यांना प्रश्न विचारतात. दार उघडं असतं. पहिला प्रश्न राजाला असतो आणि तो अनवाणी उत्तर देतो. टकाचोर खिडकीत बसून ऐकतो. त्याला त्याचं चांगलं नाव परत मिळालं, तुम्हाला ही गोष्ट मिळाली. देणं कुणाचंच उरलं नाही.