ठरवून सांगतो

फार पूर्वी गांधार देशावर पुष्करसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तक्षशिलेत आचार्य वासभांच्या आश्रमात शिकत होता आणि त्या जन्मी त्याचे नाव इसिदत्त होते. या आश्रमात धनुर्विद्या शिकवत नसत, वैद्यकही नाही. खरे काय, चांगले काय आणि मेल्यावर माणसाचे काय होते, एवढेच तिथे शिकवत. त्यासाठी दूरदूरच्या देशांतून तरुण येत.

आश्रमाचा एक नियम होता. कसे वागावे याविषयी शंका आली, की आधी वाद करायचा, मग वागायचे. वादालाही रीत होती. समोरच्याचे म्हणणे आधी आपण मांडायचे, तेही इतके नीट, की 'हो, हेच माझे म्हणणे' अशी त्याने मान डोलवावी. तोवर आपली बाजू काढायची नाही. या रीतीमुळे तिथे भांडणे होत नसत. वेळ मात्र फार जाई.

सुयाम हा याच आश्रमातला विद्यार्थी. खेड्यातल्या एका गाडीवानाचा थोरला मुलगा. बाप गेल्यावर धाकट्या नागिताने बैलगाडी हाकून घर चालवले आणि भावाला शिकू दिले. त्याला स्वतःला लहानपणी शिकायला बसवले होते, पण तो गुरूंशी भांडून पळून आला होता. घरात एक शहाणा आहे तेवढा पुरे, असे तो म्हणे, आणि त्यात त्याला अभिमान होता.

एके दिवशी तक्षशिलेहून आलेल्या व्यापाऱ्यांनी सांगितले, सुयाम तापाने गेला, दहनही झाले. नागिताने बैलांचा कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला आणि तसाच निघाला. आई उंबऱ्यात बसली होती. ती रडली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "त्याच्याजवळ कोण होतं, तेवढं विचारून ये."

आश्रमात सगळ्यांनी त्याला प्रेमाने बसवले. कुंडल नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा हात हातात घेतला. त्याची वाणी गोड होती.

"शांतपणे गेला तुझा भाऊ. इसिदत्ताच्या मांडीवर डोकं होतं. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. शेवटी नागित, नागित, असं म्हणाला."

नागिताला हुंदका फुटला. मग तो मध्येच थांबला.

"काय म्हणाला?"

"नागित म्हणाला."

"माझा दादा मला नागित म्हणत नाही. जन्मात कधी म्हणाला नाही. रेड्या म्हणतो."

कुंडलाने हात सोडला. नागित उठला आणि ज्या झोपडीत भाऊ राहत असे तिकडे चालू लागला. वाटेत आचार्यांची कुटी होती. कुडाच्या भिंतीपलीकडून बोलणे ऐकू आले, तसा तो थबकला.

"पौर्णिमेला राजाची माणसं येतायत," आचार्य सांगत होते. "धर्मामात्यपदाची वस्त्रं तुला मिळायची आहेत, इसिदत्ता. हा पोरगा गावभर ओरडत सुटला तर ती मिळतील का? पण ते राहू दे. त्याला खरं सांगून त्याचं भलं होणार आहे का?"

"ठाऊक नाही, आचार्य."

"मग शंका आहे. शंका आहे तर सभा भरवू."

"त्या दिवशीही आपण हेच केलं," इसिदत्त म्हणाला आणि बाहेर आला. समोर नागित उभा होता.

इसिदत्ताने त्याला बसायला सांगितले नाही, हातही धरला नाही. तो म्हणाला, "विचार."

"दादाजवळ कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"तुम्ही सगळे कुठे मेला होता?"

"त्या वडाखाली. सकाळी वैद्य येऊन गेले. हा मुलगा आजचा दिवस काढणार नाही, असं आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले. आम्ही आत गेलो तर सुयामाने विचारलं, वैद्य काय म्हणाले? मरणाऱ्याला खरं सांगावं की नाही, हे आमचं ठरलेलं नव्हतं. कुंडल त्याला म्हणाला, थांब, ठरवून सांगतो. मग आम्ही सगळे वडाखाली बसलो."

"आणि?"

"सांगू नये, असं कुंडलाचं म्हणणं. सांगावं, असं माझं. मी आधी त्याची बाजू मांडली. त्याने मान डोलवायला फार वेळ घेतला. मग माझी बाजू. लोक सांगतात, इतका चांगला वाद तक्षशिलेत कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी जिंकलो. तुझ्या भावाला खरं सांगायला आत गेलो, तर तो थंड पडला होता."

पडवीत समिधांची मोळी होती. नागिताने त्यातले एक लाकूड उपसले आणि इसिदत्ताला मारायला सुरुवात केली. विद्यार्थी धावून आले. इसिदत्ताने हात वर करून त्यांना अडवले, स्वतःला वाचवण्यासाठी मात्र तो हात वापरला नाही. लाकूड मोडले तेव्हा नागित खाली बसला.

"आता हे मी आईला जाऊन सांगू?"

"मी येतो. मी सांगतो."

"पौर्णिमेला तुझी वस्त्रं आहेत ना?"

"आहेत," इसिदत्त म्हणाला आणि अस्थींचे गाडगे आणायला आत गेला.

वाटभर नागित पुढे चालला. मागे वळून पाहायचा तो फक्त टोमणा मारायला. नदी आली तेव्हा म्हणाला, "ए पंडित, उतरायचं का पाण्यात? की आधी वाद करायचाय?" इसिदत्त गाडगे डोक्यावर धरून पाण्यात उतरला. त्याच्या कपाळावरची जखम अजून ओली होती.

आई उंबऱ्यातच होती. तिने गाडगे मांडीवर घेतले, वरचे फडके चाचपले आणि विचारले, "कोण होतं त्याच्याजवळ?"

तिचे तोंड पाहून नागित घाईने म्हणाला, "हा होता, आई. याच्या मांडीवर डोकं होतं."

"नव्हतो, आई," इसिदत्त म्हणाला. "कोणी नव्हतं." आणि वडाखालचे सारे त्याने तिला सांगितले.

नागित त्याच्या अंगावर धावून गेला. "गप बसला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?"

"राहू दे रे," आई म्हणाली. "माझ्या पोराचं आता एवढंच उरलंय. तेवढं तरी खरं हाती येऊ दे." मग ती गाडग्यावर ओणवी झाली आणि रडू लागली. बातमी आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

पौर्णिमा आली आणि गेली. वस्त्रे कुंडलाला मिळाली. इसिदत्ताने त्याच गावाच्या कडेला झोपडी बांधली. कोणी अंथरुणाला खिळले, की तो जाऊन शेजारी बसे. मी जगेन का, असे विचारले तर ठाऊक असेल ते सांगे, ठाऊक नसेल तर तसे सांगे, पण उठून जात नसे. नागित त्याच्याशी बोलला नाही. वाटेत इसिदत्त दिसला तर तो गाडी आडरानात घाली.

काही वर्षांनी आईने अंथरूण धरले. नागित इसिदत्ताच्या झोपडीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वैद्याला आणायला जातोय," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "तोवर तिच्याजवळ बस. उठू नकोस."

"नाही उठणार."

तो वैद्याला घेऊन परतला तेव्हा आई गेली होती. तिचा हात इसिदत्ताच्या हातात होता.

"काही म्हणाली?" नागिताने विचारले.

"नाही. पाणी प्यायली. तुझी गाडी आली का, म्हणून मला बाहेर बघायला सांगत होती, पण मी उठलो नाही."

नागिताने ते मानले. साऱ्या जगात त्या एकाच माणसाचा शब्द तो मानत असे.

शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, ही कथा एका तरुण कुंभाराला सांगितली. त्याचा भिक्खू झालेला भाऊ पावसाळ्यातल्या वर्षावासात वारला होता. विहारातला एक भिक्खू गोड बोलून त्याची समजूत घालत होता, पण तो कोणाचेच ऐकून घेत नव्हता. शास्ते त्याला म्हणाले, "गोड बोलून तुझे समाधान करू पाहणारा हा भिक्खू त्या वेळी कुंडल होता. त्याचे उपाध्याय त्या वेळी आचार्य वासभ होते. तुझी आई तीच आई. सुयाम तुझा भाऊ होता आणि नागित तू होतास. इसिदत्त मी होतो."

तरुणाने विचारले, "नागिताने त्याला क्षमा केली का?"

"नाही," शास्ते म्हणाले.

ज्या जन्मात तथागतांनी मानही सोडला आणि क्षमेची आशाही सोडली, पण खरे सोडले नाही, त्या जन्माची ही कथा आहे. हिच्यातला गुण सत्य.