जुन्या पट्टीची जागा

कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून शिरायचे, त्या काळातला एक कॉम्प्युटर छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचा. हल्ली तो फार अडकायचा, म्हणून मालकीण इंदुमतीबाईंनी त्याच्यासाठी रॅमची नवी पट्टी मागवली.

मेकॅनिक बशीरभाईंनी पेटी उघडली. जुन्या पट्टीकडे बघून नव्या पट्टीनं नाक मुरडलं. "हिला काढा. हिच्या शेजारी बसले, तर मलाही हिच्याच चालीनं चालावं लागेल."

बशीरभाईंच्याही मनात तेच होतं. त्यांनी जुनी काढली, नवी बसवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर नुसता पीं पीं करत राहिला. नवी पट्टी खोडरबरानं घासून पुन्हा बसवली, तरी तेच.

"का अडून बसलायस?" नवी चिडून म्हणाली.

"जन्मभर लग्नपत्रिका जुळवतोय मी," कॉम्प्युटर म्हणाला. "त्यात कैलासवासी पणजोबांचंही नाव कुणी गाळत नाही. ही तर अजून धडधाकट आहे. मला जास्त लक्षात राहावं म्हणून तुला आणलंय. त्याची सुरुवात हिला विसरून करू?"

वैतागून बशीरभाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला.

नवी पट्टी जुनीच्या चालीनं चालू लागली. त्या दिवशी पत्रिकेतलं एकही नाव अडकलं नाही.