वाघाची मूठ, मोराची मूठ

महाराजांचा चेंडू तळ्यात पडला, आणि बारा घरांच्या चुली विझायची वेळ आली!

कसं ते ऐका. कुरणगडचे श्रीमंत हैबतराव महाराज गोल्फ खेळायचे. कुणा साहेबाकडून शिकले होते. म्हणजे लांब काठीनं एवढासा चेंडू हाणायचा, मग तो हुडकत कोसभर चालायचं, आणि सापडला रे सापडला की पुन्हा हाणायचा! आमच्याकडे याला चुकलेली म्हैस शोधणं म्हणतात. थोरामोठ्यांत खेळ म्हणतात.

या काठीला हात धरतो तिथं चामड्याची मूठ असते. गावात मुठी शिवणारे कारखाने दोन, त्यांवर पोट असलेली कारागिरांची घरं बारा. एकाच्या मुठीच्या टोकाला वाघाचा छाप, दुसऱ्याच्या मोराचा. झालं! दरबारात पडले दोन तट. वाघवाले मोरवाल्यांच्या पंगतीला बसेनात. सरदार इंगवल्यांनी तर मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. का? तर व्याही मोरछाप निघाले! चेंडू मात्र दोन्ही तटांचे तळ्यातच पडायचे. तिथं पक्षपात नव्हता.

पुढं वाघछापवाले मल्हारी उस्ताद म्हातारे झाले, आणि मोरछापच्या पिराजीशेटनी त्यांचा कारखाना विकत घेतला. चामडं तेच, कारागीर तेच, दोरासुद्धा तोच. मालक तेवढा बदलला. आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांचा चेंडू तळ्यात. डुबुक!

"बघितलंत?" महाराज गरजले. ते पक्के वाघवाले. "वाघाच्या मुठीत मोर शिरला!"

"मूठ मऊ पडलीय, सरकार! कालपासून जाणवतंय मला," इंगवले म्हणाले. मूठ सहा महिन्यांपूर्वीची, उस्तादांच्याच वेळची होती. पण सरदारांना सांगणार कोण?

"आणि आमच्या मोराला वाघाचा वास यायला लागला!" मोरवाल्यांचे पुढारी सरदार नाडगौडा नाकाला रुमाल लावून ओरडले.

पिराजीशेट हात जोडून पुटपुटले, "सरकार, आता भांडण कशाला? मालक एक, मूठ एक..."

"मूठ एक? असं?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "मग आण एकच मूठ! इंगवल्यांना ती वाघाची वाटली पाहिजे आणि नाडगौडांना मोराची. चार दिवस देतो. नाही जमलं तर दोन्ही कारखान्यांना कुलूप!"

शेटनी घरी जाऊन जे अंथरूण धरलं ते सोडेनात. तेव्हा येसाक्का आली. वीस वर्षं मुठी शिवणारी बाई. महालातून पायताणं शिवायला येत, तीही तिच्याकडेच. तिनं शेटच्या पांघरुणाचं टोक उचललं.

"शेट, ताप कधी उतरणार?"

"महाराज हसल्याशिवाय नाही गं!"

"मग पडून राहा. मीच जाते."

चौथ्या दिवशी येसाक्का दरबारात उभी. हातात एक काठी. मुठीचं टोक लाल फडक्यात करकचून बांधलेलं.

"हे फडकं कशाला?" महाराजांनी विचारलं.

"टोक झाकलंय, सरकार. छाप बघून तर माझी शेळीपण ओळखेल! खानदानी खेळाडूच्या हाताला म्हणे आपली मूठ आपोआप कळते. ज्याला कळत नाही, त्यानं आपलं विटीदांडू खेळावं."

विटीदांडू! आता मागं कोण हटतो?

इंगवल्यांनी मूठ धरली. डोळे मिटले. मान डोलावली. "वाघ! काय हा ताठा! जुन्या उस्तादांचा हात आहे हा!"

नाडगौडांनी काठी हिसकावली. "वाघ? इंगवले, हात आहे का उलथनं? अहो, हा मोर! ही नजाकत बघा. धरल्याबरोबर पिसारा फुलल्यासारखं वाटतंय!"

"वाघ!"

"मोर!"

"आणा इकडं!" महाराजांनी काठी घेतली, मूठ आवळली, छाती फुगवली. "वाघच! अंगात रक्त सळसळलं!"

येसाक्कानं पदर सावरला. "झालं तर मग, सरकार. मूठ एक. इंगवलेसाहेबांना वाघाची, नाडगौडासाहेबांना मोराची. तुमचं कुलूप तुमच्याकडेच ठेवा. येते मी."

"थांब! खरी कुणाची ते कळू दे. सोड ते फडकं!"

"नको, सरकार. पाया पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

महाराजांना नको म्हणायची खोटी! त्यांनी स्वतःच गाठ ओढली. फडकं गळून पडलं.

ना वाघ, ना मोर. टोकाला जरीची एक कोयरी चमकत होती. महाराज बघतच राहिले.

"अगं, ही कोयरी तर..."

"होय, सरकार. आपलं गेल्या दिवाळीचं पायताण. फाटलं, टाकून दे, म्हणून महालातून माझ्याकडे धाडलं होतं."

दोन्ही सरदारांचे हात घाईघाईनं धोतराकडे गेले, पुसायला. आणि मग दोघांनाही एकदम आठवलं, पायताण कुणाचं! हात अर्ध्यावरच थांबले. इंगवल्यांनी हळूच तो कपाळाला लावला. ते बघून नाडगौडांनी दोनदा लावला.

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली! त्यांनी कुलूप मागवलं आणि भिरकावलं तळ्यात, चेंडूंच्या सोबतीला.

"येसाक्का, माग काय हवं ते!"

"सरकार, हे डाव्या पायाचं होतं. आता उजव्या पायाचंही टाकून द्या. मूठ दोघाही सरदारांच्या मनात भरलीय, अन् एकीत दोघांचं भागायचं नाही!"

महाराजांनी पायांतला कोरा जोडा तिथंच काढून दिला, वर हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि अनवाणीच महालाकडे निघाले. पोट धरून!