साहेबबुवांचे बासन

एकदा एक परदेशी संगीतकार कोकणातल्या एका बंदराच्या गावी उतरला आणि तिथलाच होऊन गेला. गाव त्यांना साहेबबुवा म्हणू लागले. वीस वर्षे त्यांनी स्वररचना केल्या, त्यांच्याकडच्या रीतीने कागदावर उतरवल्या. शेजारच्या वृद्ध गायकाचा शिष्य श्रीपाद याला त्यांनी ती लिपी शिकवली, आणि मायदेशापासून हजारो कोस दूर डोळे मिटताना सगळे कागद त्याच्याच हाती दिले. "वाजवत राहा," एवढेच म्हणाले.

श्रीपादाला गहिवरून आले. त्याने कागद लाल बासनात बांधून देव्हाऱ्यात ठेवले. दर दसऱ्याला बासनाला हळदकुंकू, फुले, वरून पाण्याचे प्रोक्षण. भक्ती कशी, तर नाव ठेवायला जागा नाही! पण गाठ सोडायचा विषय निघाला की म्हणे, "आपली तेवढी योग्यता कुठे? सवडीने बसू." अशी अकरा वर्षे गेली.

पुढे गावाने किनाऱ्यावर साहेबबुवांचे स्मारक उभारले. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर नाव. अनावरणाला त्यांची मुलगी सातासमुद्रापलीकडून येणार होती. तिने पत्रात एकच मागितले होते: वडिलांची एखादी रचना ऐकवा. ते घर सोडून निघाले तेव्हा ती पाळण्यात होती.

आदल्या दिवशी श्रीपादाने गाठ सोडली. खाऱ्या हवेने आणि दरवर्षीच्या पाण्याने कागदांचा लगदा झाला होता, शाई कुंकवात उतरली होती. एक ओळ लागेना. आठवून पाहावे, तर कधी वाजवलेच नव्हते.

"गुरुजी, हे कुणाला कळू देऊ नका," तो आपल्या वृद्ध गायक गुरूंपुढे काकुळतीला आला. "एखादं भजन म्हणून वेळ मारून नेऊ."

दुसऱ्या दिवशी स्मारकाला घालायला गुरुजींच्या हाती हार दिला गेला, तो त्यांनी तबकात परत ठेवला. बासन मागवले आणि पाहुणीच्या ओंजळीत दिले. म्हातारा चळला की काय, म्हणून लोक चुळबुळले. श्रीपादाची मान खाली गेली.

तिने तो डागाळलेला लगदा न्याहाळला. दुभाष्याकरवी विचारले, "बाबांना इथे मान होता ना?"

"फार होता, मुली," गुरुजी म्हणाले. "इतका, की त्यांच्या कागदांना कुणी हातच लावला नाही. ते कागद वाजवणारा मागत होते, आम्ही पूजा करत राहिलो. मी तर दर दसऱ्याला ती बघायचो आणि शिष्य किती भाविक म्हणून सुखावायचो. आज दगडालाही हार घालू. पण तुझं ऐकायचं राहिलं ते राहिलंच. त्याला आमच्यापाशी उपाय नाही."

ती चौथऱ्यावर बसली आणि बराच वेळ चिकटलेली पाने सुटी करू पाहत राहिली.

गुरुजींकडून शिकायची एक जुनी चीज श्रीपादाने 'पुढे घेऊ' म्हणून कित्येक वर्षे बाजूला ठेवली होती. घरी परतताना वाटेतच त्याने विचारले, "गुरुजी, आज बसायचं?"

घरी पोचताच गुरुजी बसले. त्यांनी अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, म्हटली. पुढचा अंतरा त्यांना आठवला नाही. श्रीपादाने होती तेवढी अस्ताई त्याच दिवशी गळ्यात बसवली.